१२८ अक्षरांत मावलेलं अंतराळयुद्ध!

दोस्ता, एक गंमत करूया. वहीचं कोरं पान घे. त्यावर इंग्रजी अक्षरं लिहायला लाग. ए, बी, सी, डी... कोणतीही चालतील. बरोबर १२८ झाली की थांब.

झाली? किती जागा लागली? चार-पाच ओळी?

आता ऐक! तेवढ्याशा जागेत एक अख्खं अंतराळयुद्ध मावतं! तुझं यान कुठे आहे, शत्रू किती उरलेत, कोणती गोळी कुठवर पोचली, गुण किती झाले, तुझे किती जीव शिल्लक आहेत... सगळं, सगळं त्यात!

खोटं वाटतंय ना? पण हे खरंच घडलंय. १९७७ साली अमेरिकेत अटारी नावाच्या कंपनीनं घरच्या टीव्हीला जोडायचं एक यंत्र विकायला काढलं. पुढून लाकडाच्या फळीसारखं दिसणारं, सोबत दांडीवाल्या दोन जॉयस्टिक. पुढे त्याला अटारी २६०० म्हणायला लागले. या यंत्राची चालू आठवण, म्हणजे खेळ सुरू असताना टिपणं लिहून ठेवायची जागा, होती फक्त १२८ बाइट. एका बाइटमध्ये एक इंग्रजी अक्षर बसतं. म्हणजे तुझ्या वहीतल्या त्या चार-पाच ओळी!

घरातल्या साध्या मोबाइलशी ताडून बघ. चार जीबीचा मोबाइल असेल, तर त्याची आठवण या यंत्राच्या तीन कोटी पटींहून जास्त आहे. तीन कोटी!

तुझ्या आई-बाबांना एकदा विचार. त्यांच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, आपल्याकडे 'टीव्ही गेम' यायचा. त्यात कॅसेट खुपसायची आणि खेळायचं. तो टीव्ही गेम म्हणजे अटारीनंतरच्या पिढीतल्या यंत्राचा भाऊबंद. अटारीतही कॅसेटच असायची, काळी, चौकोनी. आपणही तिला कॅसेटच म्हणूया.

पण थांब. एवढ्याशा जागेत युद्ध मावलं कसं? हे समजायला आधी तुला टीव्हीच्या पोटात शिरावं लागेल.

त्या काळचा टीव्ही म्हणजे मोठा डबा. आत काचेची भलीमोठी नळी. नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत सुटायचा आणि पडद्यावर आतून आदळायचा. आदळला की तिथे प्रकाशाचा ठिपका! हा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढायचा. मग खालची ओळ. मग तिच्याखालची. अमेरिकेतल्या टीव्हीत अशा २६२ ओळी झाल्या की एक चित्र पुरं. लगेच पुन्हा वरून सुरुवात! सेकंदाला ६० चित्रं. म्हणजे सेकंदाला किती ओळी? कर गुणाकार. १५,७२०!

आजची यंत्रं काय करतात? आधी पूर्ण चित्र आठवणीत काढून ठेवतात आणि मग पडद्यावर पाठवतात. अटारीला ते शक्यच नव्हतं. १२८ बाइटमध्ये चित्र ठेवणार कुठे?

मग त्यांनी काय केलं असेल?

चित्र ठेवलंच नाही! झोत ओळ काढतोय तेव्हाच, त्या क्षणी, त्याला सांगायचं: इथे लाल, इथे काळं, इथे यानाचं टोक!

तुझ्या वर्गात श्रुतलेखन होतं ना? बाई सांगतात, मुलं लिहितात. आता अशी कल्पना कर, की वर्गात एकच मुलगा आहे आणि त्याचा हात कधीच थांबत नाही. ओळ संपली की पुढची ओळ. पान संपलं की नवं पान. हा मुलगा म्हणजे झोत. आणि बाई म्हणजे यंत्रातली चिप. बाईंनी वेळेवर शब्द सांगितला तर ठीक. सांगायला उशीर झाला, तर मुलगा आधीचाच शब्द पुन्हा लिहीत सुटतो!

बाईंना एका ओळीमागे वेळ किती? चिपच्या घड्याळाचे ७६ ठोके. साधं एखादं काम करायलाही दोन-तीन ठोके लागतात, थोडं अवघड असेल तर पाच-सहा. म्हणजे एका ओळीत जेमतेम वीस-पंचवीस बारीकसारीक कामं. तेवढ्यात पुढच्या ओळीची तयारी झालीच पाहिजे. बाईंच्या हातात १२८ अक्षरांची चिठ्ठी आहे, तिच्यावर त्या खोडून-खोडून लिहू शकतात. समोर एक पुस्तक आहे, म्हणजे कॅसेट. त्यातलं वाचता येतं, पण त्यात काही लिहिता येत नाही. ते पुस्तकही केवढं? सुरुवातीला फार तर चार हजार अक्षरांचं!

आणि सगळ्यात मोठी अडचण अजून सांगितलीच नाही. बाईंकडे ठसे होते फक्त पाच! दोन मोठे ठसे, खेळाडूंसाठी. दोन गोळ्यांचे, म्हणजे नुसत्या बारीक रेघोट्या. एक चेंडूचा. मागचा देखावा म्हणून जाड-जाड ठोकळे, तेही अर्ध्या पडद्याचेच. उरलेला अर्धा पडदा म्हणजे त्याचीच नक्कल.

मोठा ठसा तरी केवढा? रुंदीला आठ चौकटी. एका बाइटमध्ये आठ खाचा असतात, प्रत्येकीत शून्य किंवा एक. एक म्हणजे चौकट रंगवायची, शून्य म्हणजे सोडायची. हे बघ, मी एक परग्रहवासी काढलाय:

०००११०००
००११११००
०११११११०
११०११०११
११११११११
०१००००१०
१०१००१०१

चौकटीच्या वहीत एकाच्या जागा रंगवून बघ. दिसले डोळे? दिसले पाय? हा सात ओळींचा पाहुणा फक्त सात बाइट खातो!

मुळात हे यंत्र कशासाठी केलं होतं ठाऊक आहे? दोन खेळाडू, दोघांना एकेक गोळी आणि एक चेंडू, अशा साध्या खेळांसाठी. रणगाड्यांची टक्कर, चेंडूची टोलवाटोलवी, बस्स. बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं, की कुणी यावर शत्रूंच्या फौजा उतरवेल!

आणि मग लोकांनी नेमकं तेच केलं. प्रत्येकानं वेगळी युक्ती काढली. म्हणून या यंत्रावरचे अंतराळयुद्धाचे खेळ एकमेकांशेजारी ठेवून बघायला भारी मजा येते. यान, तारे, शत्रू, गोळ्या सगळ्यांतच आहेत. पण प्रत्येकाची हुशारी निराळी!

त्या हुशारीकडे जाण्याआधी, कमी जागेची अशीच एक युक्ती बघायला तुला एका जागी नेतो. ही जागा तमिळनाडूत आहे, पण तिथे मराठी चिकार आहे. तंजावूरचा राजवाडा! शिवाजी महाराजांचे धाकटे भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले आणि भोसल्यांनी तिथे १८५५ पर्यंत राज्य केलं. राजवाड्याच्या परिसरात उंच मनोरे आहेत, दरबार आहे, एका देवमाशाचा प्रचंड सांगाडासुद्धा आहे! आणि तिथेच आहे सरस्वती महाल ग्रंथालय. याच भोसल्यांपैकी सरफोजीराजांनी ते ग्रंथांनी भरून टाकलं. त्यांना नव्या यंत्रांची इतकी हौस, की त्यांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला आणि १८०६ साली त्यात मुलांसाठी इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं. 'बालबोध मुक्तावली' त्याचं नाव. तुझ्यासारख्या मुलांसाठी, दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी!

त्या ग्रंथालयात ताडपत्रांच्या पोथ्या आहेत. ताडाचं पान कसं असतं? लांबच लांब, पण उंचीला मात्र चार बोटं. त्यावर शाईनं लिहीत नाहीत. लोखंडी टोकानं अक्षर कोरतात आणि मग काजळी चोळतात, की कोरलेल्या जागी काळं भरतं. जागा तर इतकी कमी! मग लिहिणारे काय करायचे? दोन शब्दांत मोकळी जागाच सोडायची नाही. अक्षराला अक्षर चिकटवून लिहीत जायचं. पानाच्या दोन्ही बाजूंना लिहायचं. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं!

जागा कमी पडली म्हणून कुणी लिहायचं थांबलं नाही. युक्ती काढली. अटारीच्या मंडळींनी अगदी हेच केलं. चल, आता बघूच एकेकाचं.

पहिला खेळ 'स्पेस वॉर', १९७८ सालचा. दोन यानं, दोन गोळ्या, काळं आकाश. ठसे आहेत तेवढेच वापरले. याचा आजोबा मात्र फार थोर! १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी कपाटाएवढ्या संगणकावर दोन यानांची लढाई लावली होती. जगातल्या अगदी पहिल्या संगणक-खेळांपैकी एक. अटारीवर आलेलं नातवंड जरा फिकं आहे. पण समोर मित्र बसला असेल तर अजूनही धमाल येते.

दुसरा खेळ म्हणजे 'स्पेस इन्व्हेडर्स'. इथे थोडं रेंगाळूया, कारण इथे दोन-दोन आश्चर्यं आहेत.

मूळ खेळ जपानचा, १९७८ सालचा. तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. दुकानात ठेवायचं मोठं यंत्र, नाणं टाकून खेळायचं. वरून ५५ परग्रहवासी रांगांनी खाली सरकतात आणि तू खालून तोफ डागायची. जसजसे शत्रू कमी होतात, तसतसे उरलेले जोरात पळायला लागतात. शेवटचा तर सुसाट सुटतो! छातीत धडधडायला लागतं.

शत्रू वेगात का जातात? निशिकादोंनी तसा नियम घातला म्हणून? चूक! त्यांचं यंत्रच हळू होतं. एका वेळी ते एकाच परग्रहवाशाला हलवायचं. ५५ जण असले की सगळ्यांची पाळी यायला वेळ लागायचा. पाचच उरले की पाळी भराभर यायची. यंत्राच्या अशक्तपणातून खेळातला सगळ्यात थरारक भाग जन्माला आला! निशिकादोंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते तसंच ठेवलं. मला तर हे ऐकून टाळ्याच वाजवाव्याशा वाटतात.

आता दुसरं आश्चर्य. १९८० साली रिक मॉरर यांनी हा खेळ अटारीत आणला. पण बाईंकडे मोठे ठसे दोनच ना? मग परग्रहवाशांची फौज कुठून आणायची?

त्या यंत्रात एक सोय होती. एकाच ओळीत एक ठसा ठरावीक अंतरानं तीनदा उमटवता यायचा. दोन ठसे, प्रत्येकी तीनदा. दोन त्रिक सहा! एका रांगेत सहा परग्रहवासी तयार. झोत खाली सरकला की त्याच ठशांचा आकार बदलायचा आणि पुढची रांग उमटवायची. अशा सहा रांगा. सहा सक छत्तीस! आणि गंमत म्हणजे, झोत पडद्याच्या तळाला पोचेपर्यंत ते ठसे मोकळे झालेले असतात. मग त्यातल्याच एका ठशाची तुझी तोफ होते! तू ज्या तोफेनं शत्रू पाडतोयस असं वाटतं, ती तोफ आणि तो शत्रू एकाच ठशाचे असू शकतात!

५५ च्या जागी ३६ आले म्हणून कुणी रुसलं नाही. उलट मॉरर यांनी खेळाचे ११२ प्रकार दिले. त्यात कधी अदृश्य शत्रू, कधी नागमोडी पडणारे बॉम्ब, कधी जागा बदलणारी ढाल. मूळ खेळात यातलं काहीच नव्हतं.

तिसरा 'अॅस्टेरॉइड्स'. यात मोठमोठे धोंडे अंतराळात तरंगतात. मोठ्या धोंड्यावर गोळी मारली की त्याचे तुकडे होतात, तुकड्यांवर मारली की आणखी बारीक तुकडे. बघता बघता सगळीकडे धोंडेच धोंडे! ब्रॅड स्टुअर्ट यांनी १९८१ साली तो अटारीवर आणला आणि दोन ठिकाणी अडले.

पहिली अडचण, पुस्तक पुरेना. चार हजार अक्षरांत हा खेळ बसेचना. मग दोन पुस्तकं घेतली! पण बाईंच्या टेबलावर एका वेळी एकच पुस्तक उघडता येतं. म्हणून कॅसेटमध्येच सोय केली. ठरावीक जागेला बोट लावलं की पहिलं पुस्तक मिटतं आणि दुसरं उघडतं. अटारीवर ही युक्ती वापरणारा हा पहिलाच खेळ.

दुसरी अडचण, धोंडे इतके आणि ठसे इतकेसे. यावरचा उपाय ऐकून तू हसशील. पहिल्या चित्रात अर्धे धोंडे काढायचे. पुढच्या चित्रात उरलेले अर्धे. पुन्हा पहिले. पुन्हा दुसरे. सेकंदाला ६० चित्रं असल्यानं प्रत्येक धोंडा सेकंदाला ३० वेळा उमटतो. आपल्या डोळ्यांना मधली गैरहजेरी कळत नाही, फक्त धोंडे थोडे लुकलुकतात. म्हणजे तू बघतोयस असं वाटणारे अर्धे धोंडे त्या क्षणी पडद्यावर नसतातच!

ही लुकलुक पुष्कळांना आवडत नाही. मला विचारशील तर मला ती फार आवडते. यंत्र धावून-धावून दमलंय, तरी एकही धोंडा सोडत नाहीये, असं वाटतं.

'कॉस्मिक आर्क' या १९८२ सालच्या खेळात तर चिपची चूकच कामाला लावली. ठसा जरा बाजूला सरकवायचा एक हुकूम असतो. तो कधी पाळायचा याची वेळ ठरलेली. रॉब फुलप यांनी तो भलत्याच वेळी दिला. चिप गोंधळली! गोळीचा ठसा ओळीगणिक आपोआप सरकत राहिला आणि सगळ्या पडद्यावर ठिपके सांडले. झालं ताऱ्यांनी भरलेलं आकाश! जवळजवळ फुकटात!

आणि आता माझा सगळ्यात लाडका. 'यार्स रिव्हेंज', १९८२, हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांचा.

यात तू यान नाहीस. तू एक माशी आहेस! अंतराळातली माशी. उजव्या बाजूला शत्रू एका ढालीमागे दडून बसलाय. तू जायचं आणि ती ढाल कुरतडायची. खरंच कुरतडायची, तुकडा-तुकडा! तुकडा कुरतडून खाल्ला की तुला एक मोठी तोफ मिळते. पण ती तोफ पडद्याच्या डाव्या कडेवर असते आणि तू वर-खाली जाशील तशी तीही तुझ्या बरोबरीनं जाते. म्हणजे गोळा सुटतो तुझ्याच पाठीमागून! वेळेत बाजूला झालं नाही तर स्वतःच्याच गोळ्यानं आपण खलास!

पडद्याच्या मध्यभागी रंगीत, चमचमणारा एक उभा पट्टा आहे. सुरक्षित जागा. त्यात शिरलं की शत्रूचं पाठलाग करणारं क्षेपणास्त्र तुला काही करू शकत नाही, मात्र तुलाही तिथून गोळी मारता येत नाही. पट्टा इतका झगमगतो, की बघतच राहावंसं वाटतं. एक ठिपका इथे, एक तिथे, क्षणाक्षणाला बदलणारा.

हे ठिपके आले कुठून? नक्षी ठेवायला तर कॅसेटमध्ये जागा नव्हती. ओळख बघू!

नाही जमत? सांगतो. ते ठिपके म्हणजे त्या खेळाच्याच सूचना आहेत! कॅसेटमध्ये चिपसाठी ज्या आज्ञा लिहिलेल्या असतात, 'ही बेरीज कर', 'तिकडे जा', त्याच शून्य आणि एकांच्या रांगा वॉरशॉ यांनी चित्र म्हणून पडद्यावर फेकल्या. रंग तेवढे बदलत ठेवले. बाईंनी मुलाला पुस्तकातली धडा-क्रमांक, सूचना, टिपा अशी सगळी पानंच नक्षी म्हणून गिरवायला दिली! खेळणाऱ्याला ते सुंदर दिसतं. खरं तर तो खेळाचं पोटच उघड्यावर बघत असतो.

एकच गोष्ट, दोन कामं! अशी करामत आपल्याकडच्या कवींनी शेकडो वर्षांपूर्वी केली आहे. तंजावूरसारखंच तमिळनाडूत असलेलं कांचीपुरम तू ऐकलं असशील. सतराव्या शतकात त्या भागात वेंकटाध्वरी नावाचे कवी होते. त्यांनी 'राघवयादवीयम्' नावाचं संस्कृत काव्य लिहिलं. श्लोक तीसच. सरळ वाचलं की रामाची गोष्ट. आणि तेच श्लोक शेवटच्या अक्षरापासून उलटे वाचले की कृष्णाची गोष्ट! एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. तू एक ओळ तरी अशी लिहून बघ. दोन्हीकडून अर्थ लागेल अशी. किती घाम फुटतो ते कळेल!

वॉरशॉ आणि वेंकटाध्वरी एकमेकांना भेटले असते तर त्यांच्या गप्पा संपल्याच नसत्या, असं मला मनापासून वाटतं.

आता जरा हातांकडे बघूया. अटारीच्या जॉयस्टिकला बटणं किती होती? एक! लाल रंगाचं एकच बटण. पण 'डिफेंडर' या दुकानातल्या खेळाला एक दांडी आणि पाच बटणं लागायची. गोळी, बॉम्ब, उलट वळणं, वेग, आणि अचानक गायब होऊन भलतीकडे प्रकटणं. घरी आणताना बाकीची बटणं कुठे घालवणार?

पडद्यावरच्या जागांची बटणं केली! यान अगदी तळाशी, शहराच्या इमारतींमागे नेऊन लाल बटण दाब, की गोळीऐवजी मोठा बॉम्ब फुटतो. अगदी वर नेऊन दाब, की यान गायब होऊन दुसरीकडेच उगवतं. एकच बटण, पण तू कुठे आहेस त्यावर त्याचं काम ठरतं. हुशारी मान्य! पण खरं सांगू? चारी बाजूंनी शत्रू आले असताना बॉम्बसाठी खाली पळत जायचं म्हणजे फार घाई होते. युक्तीला शंभर गुण, खेळायला मात्र साठ.

आणखी एक जोडी आहे, ती तर शेजारी-शेजारी ठेवूनच बघायला हवी. आतापर्यंतच्या खेळांत तू यानाकडे बाहेरून बघत होतास किंवा होतीस. पण यानाच्या आत बसून, समोरच्या काचेतून तारे अंगावर येताना दिसले तर? १९८२ साली असे दोन खेळ आले. 'स्टार रेडर्स' आणि 'स्टारमास्टर'. दोन्हींत समोर तारे, दोन्हींत शत्रू लहानाचा मोठा होत जवळ येतो, दोन्हींत आकाशगंगेचा नकाशा बघून कुठे उडी मारायची ते ठरवायचं.

प्रश्न तोच. एका बटणात नकाशा, गोळी, उडी, एवढं सगळं कसं बसवायचं?

'स्टार रेडर्स' मूळचा डग न्यूबाउअर यांचा, अटारीच्याच मोठ्या घरगुती संगणकासाठी केलेला. कार्ला मेनिन्स्की यांनी तो २६०० वर आणला. बटणं हवीत ना? मग सोबत बारा बटणांचा एक वेगळा चौकोनी फलकच आला! डाव्या सॉकेटमध्ये फलक, उजव्यात जॉयस्टिक. झकास!

'स्टारमास्टर' केला अॅलन मिलर यांनी. हे आधी अटारीतच काम करायचे. पण तिथे खेळ बनवणाऱ्याचं नाव डब्यावर छापत नसत. मिलर आणि त्यांचे मित्र बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिथे बनवणाऱ्याचं नाव झळकायचं! अगदी योग्य केलं. ज्यानं रात्र-रात्र जागून ठोके मोजले, त्याचं नाव मुलांना कळायलाच हवं.

तर मिलर यांच्याकडे बारा बटणांचा फलक नव्हता. त्यांनी यंत्राकडे टक लावून बघितलं असणार. यंत्रावर एक खटका होता. रंगीत टीव्ही असेल तर इकडे, काळा-पांढरा असेल तर तिकडे. एकदा लावला की पुन्हा कुणी हात लावायचं नाही. मिलर यांनी तोच खटका नकाशाला दिला! खटका पाडला की समोरची काच जाऊन आकाशगंगेचा नकाशा. पुन्हा पाडला की लढाई! नवीन काहीही विकत घ्यायला नको.

मी दोन्हींत 'स्टारमास्टर'ला वरचा नंबर देतो. त्याचे तारे जास्त गुळगुळीत सरकतात आणि ती खटक्याची आयडिया तर लाखमोलाची आहे!

एवढ्यावर संपलं असं वाटलं असेल तर जरा थांब. १९८६ उजाडलं. यंत्र नऊ वर्षांचं म्हातारं झालेलं. बाजारात कितीतरी ताकदवान यंत्रं आलेली. आणि तेव्हा 'स्टार रेडर्स'वाल्या त्याच डग न्यूबाउअर यांनी २६०० साठी 'सोलारिस' काढला. चार हजारांच्या जागी सोळा हजार अक्षरांची कॅसेट. पायाखालून धावणारी ग्रहांची जमीन, मोठमोठी शत्रूची यानं, नकाशांमागून नकाशे. आणि टिपणांची चिठ्ठी? तीच! १२८ बाइट! यंत्राची ताकद जराही वाढली नव्हती. फक्त नऊ वर्षांत माणसं त्याच्याशी बोलायला शिकली होती. चित्रांच्या बाबतीत या सगळ्यांत मी 'सोलारिस'लाच पहिला नंबर देईन.

हे खेळ आज खेळता येतात का? येतात की! २०२३ साली अटारीनं २६००+ नावाचं नवं यंत्र काढलं. ते जुन्या कॅसेटसुद्धा चालवतं आणि आजच्या टीव्हीला जोडता येतं. शिवाय जगभरातली हौशी मंडळी अजूनही त्या जुन्या यंत्रासाठी नवेकोरे खेळ लिहितात. तेच ७६ ठोके मोजत!

तुला कधी संधी मिळाली आणि सोबत मित्र किंवा मैत्रीण असेल, तर 'स्पेस वॉर'नं सुरुवात कर. एकट्यानं खेळायचं असेल तर थेट 'यार्स रिव्हेंज' लाव. ढाल कुरतड, तोफ मिळव, नेम धर. आणि लाल बटण दाबलं रे दाबलं की सगळ्यात आधी वर नाहीतर खाली पळ, कारण गोळा तुझ्या पाठीमागूनच येतोय!